मला विनोद सुचत नाहीत. इम्प्रोव्हच्या जॅमला नवशिक्या म्हणून गेलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मूळचे कुडाळचे, नोकरीसाठी पुण्यात नवीन, ओळखी फारशा नाहीत. ऑफिसातले एक सीनियर दर रविवारी इम्प्रोव्हच्या जॅमला, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सीन करायच्या खुल्या बैठकीला, जातात आणि तुम्हालाही चला म्हणतायत. पण आपण मुळात विनोदी नाही, इंग्रजी बोलताना अडखळतो, आणि ‘हे आपल्याकडच्या लोकांचं काम नाही’ असं तुम्हाला वाटतंय.

जा. बिनधास्त जा. मी बरीच वर्षं अशा जॅमना जाते, कधी कधी घेतेही, आणि नव्याने येणाऱ्यांपैकी कुणाचा जम लवकर बसतो ते बघत आलेय. मित्रांच्या घोळक्यात हमखास हशा पिकवणाऱ्यांचा उशिराच बसतो, कारण समोरचा बोलत असताना ते स्वतःचा पुढचा पंच जुळवत असतात. जो समोरच्याचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो, त्याचा लगेच बसतो. स्टँड-अपला लिहून, घोटून आणलेलं लागतं. इथे काहीच आणायचं नसतं. त्यामुळे विनोद तयार करून नेऊ नका, ते वापरायला जागाच मिळणार नाही.

हे खेळ विनोदी नटांसाठी जन्मालाच आले नव्हते, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. शिकागोत व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई १९२०च्या दशकात नीव्हा बॉइड यांच्याकडे गटांबरोबर खेळ घेण्याचं काम शिकल्या. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीला त्या सरकारी योजनेत नाट्यशिक्षणाचं काम करत होत्या. समोर होती स्थलांतरितांच्या वस्त्यांमधली मुलं आणि मोठी माणसं, वेगवेगळ्या देशांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी. त्यांना भाषणं देऊन अभिनय शिकवता येईना, म्हणून त्यांनी खेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हेच खेळ घेऊन रंगमंचावर गेला, आणि १९५९ साली शिकागोत सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या नाट्यगटामुळे इम्प्रोव्ह म्हणजे कॉमेडी हे समीकरण पक्कं झालं. म्हणजे परक्या शहरात आलेला, ओळखी नसलेला, भाषेत अडखळणारा माणूस हाच या खेळांचा पहिला खेळाडू. तुम्ही चुकून तिथे शिरताय असं मुळीच नाही.

आणि कुडाळचा माणूस ‘आपल्याकडचं काम नाही’ म्हणतो याचं मला खरंच आश्चर्य वाटलं! जत्रेत रात्रभर दशावतार बघितला असेल ना? त्या नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान, कुणाचा प्रवेश कुणानंतर, एवढं प्रयोगाआधी ठरतं. मग तोंडाला रंग लागतो, आणि राजा व राक्षस यांच्यात जी जुगलबंदी होते ती तिथल्या तिथे, समोरच्याच्या शब्दाला शब्द जोडत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हाही पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापलं भाषण आयत्या वेळी करायची. पुण्यातल्या जॅममध्ये देव-दानव नसतील, पण कसब तेच आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. साधारण दोन तास. नाटकाच्या तालमीची खोली, एखादा छोटा हॉल, क्वचित कॅफेचा वरचा मजला. कुठे फुकट, कुठे भाड्यापुरती वर्गणी. सुरुवातीला गोल करून वॉर्म-अप: नावांचे खेळ, झिप-झॅप-झॉप वगैरे. इथे सगळेच चुकतात, आणि चुकलं की सगळे मिळून टाळ्या वाजवतात. अंगातली धास्ती निघावी एवढाच त्यामागचा हेतू. मग छोटे खेळ, आणि शेवटी मोकळे सीन. होस्ट बसलेल्यांना एखादी जागा किंवा नातं विचारतो, कुणीतरी ‘एसटी स्टँड’ म्हणतं, दोघं उठतात आणि सुरू करतात. फ्रीझ टॅग बहुतेक ठिकाणी असतोच: दोघं खेळत असतात, बाहेरचा कुणी ‘फ्रीझ’ म्हणतो, एकाच्या खांद्याला हात लावून त्याला बाहेर पाठवतो, त्याच्याच पवित्र्यात उभा राहतो आणि वेगळाच सीन काढतो. यात लवकर उठा. कल्पना सुचायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. आधी पवित्रा घ्या, हात वर असेल तर वरच ठेवा, तो हातच पहिलं वाक्य देतो.

‘येस, अँड’ हा शब्द तुमच्या कानावर पहिल्याच रविवारी पडेल. समोरच्याने जे मांडलं ते खरं मानायचं आणि त्यात भर घालायची. ऐकायला सोपं आहे, पण नवे लोक इथेच गोंधळतात, म्हणून उदाहरण देते. समजा पार्टनर तुम्हाला म्हणाली, “अहो, गॅस बंद केलात का?” तुम्ही म्हणालात, “कसला गॅस? आपण चंद्रावर आहोत.” हशा येईल, पण तिने उभं केलेलं घर तुम्ही पाडलंत, आता तिला शून्यापासून सुरू करावं लागणार. त्याऐवजी, “केला होता. आईने परत लावला.” बघा, नवरा-बायको झाले, सासू आली, घरात कशावरून धुसफूस आहे तेही कळलं. आता ती म्हणते, “आई तर काल रत्नागिरीला गेल्या.” हा नकार वाटतो, पण नाही. तिने तुमचं वाक्य पुसलं नाही, त्यावर एक नवी माहिती ठेवली. तुम्ही फक्त ती खरी मानून घाबरायचं: “मग सकाळपासून स्वयंपाकघरात कोण आहे?” झाला सीन. दोघांपैकी कुणीही विनोद केलेला नाही, आणि खोलीत सगळे पुढे सरकून बसलेत. पात्र पात्राला हवं तितकं ‘नाही’ म्हणू शकतं. नटाने नटाला ‘नाही’ म्हणायचं नसतं, एवढा तो फरक.

त्याचंच दुसरं टोक म्हणजे प्रश्न. “तू कोण?”, “इथे काय करतोयस?” असं विचारलं की सगळा भार समोरच्यावर पडतो. सरळ विधान करा: “जाधव, परत तोच शर्ट इस्त्री करताय.” नाव दिलंत, काम दिलंत, आणि ‘परत’ या शब्दात भूतकाळही दिलात. आणि बोलायला काहीच सुचत नसेल तर हातांना काम द्या. नसलेला कांदा चिरा, नसलेल्या चादरीची घडी घाला, तिचं वजन आणि टोकं नीट सांभाळून. पार्टनर त्यातूनच काहीतरी उचलेल.

भाषेचं म्हणाल तर पुण्यातले मी पाहिलेले बहुतेक जॅम इंग्रजी-हिंदीत चालतात हे खरं. पण पहिल्याच दिवशी होस्टला सांगा, “मी मराठीत बोलेन.” कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही. मालवणीही चालेल. उलट ज्या भाषेत तुम्ही भांडता, लाजता, हिशेब मागता, तिच्यात तुमचे तपशील खरे येतात. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये इम्प्रोव्हचे शिक्षक कीथ जॉन्स्टन नटांबरोबर काम करत होते, तेव्हा त्यांनी सुचवलं की आपला दर्जा, म्हणजे मान, समोरच्यापेक्षा किंचित वर किंवा किंचित खाली धरून बोला. त्याबरोबर निर्जीव संभाषणं जिवंत झाली. मराठीत ‘ए’, ‘अहो’, ‘साहेब’ एवढ्याने ते काम निम्मं होतं. शिवाय जिबरिश नावाचा खेळ असतो, त्यात निरर्थक आवाजांतच बोलायचं. तिथे इंग्रजी फाडफाड येणारा आणि न येणारा एकाच रांगेत उभे असतात.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे: गट निवडून घ्या. चांगला होस्ट सुरुवातीलाच सांगतो की स्पर्श नको असेल तर आधी बोला, कुठल्याही खेळातून बाहेर बसता येतं, सीन नकोसा झाला तर हात वर करून थांबवता येतो. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करत नाहीत. तासभर बसून बघा: बायकांना सारखं बायको नाहीतर आईच करतायत का? जातीवर, रंगावर, कुणाच्या अंगकाठीवर हशा काढतायत का, आणि होस्ट गप्प आहे का? तसं असेल तर दुसरा गट शोधा. ‘येस, अँड’चा अर्थ कुणी काहीही केलं तरी सहन करायचं असा नाही. हे मी नव्या मुलींना तर सांगतेच, पण तुम्हालाही सांगते, कारण समोरची अवघडलीय हे ओळखून सीन दुसरीकडे वळवणं हा खेळण्याचाच भाग आहे.

तीन-चार वेळा जाऊन मग ठरवा. पहिल्या दिवशी फक्त वॉर्म-अपला खेळलात आणि सीनच्या वेळी बसून राहिलात तरी हरकत नाही, लोक तसं करतात. गोडी लागली तर सहा-आठ आठवड्यांचे प्राथमिक कोर्स असतात, ते करा. जॅममध्ये खेळायला मिळतं, पण तिथे बसून कुणी शिकवत नाही. कपडे जमिनीवर बसता येईल असे घाला.

तुमच्या सीनियरबरोबर मात्र सुरुवातीचे सीन करू नका. ऑफिसातलं नातं अंगात इतकं मुरलेलं असतं की तुम्ही आपसूक त्यांच्या मागे उभे राहाल. आधी अनोळखी माणसांबरोबर खेळा. मग एखाद्या रविवारी त्यांच्यासमोर उठा, आणि होस्टने दुकान म्हटलं तर गल्ल्यावर तुम्ही बसा.