वीज केंद्राजवळच्या गावात पावसाच्या पाण्यात पारा असतो का? घरी तपासता येतो का?

चंद्रपूरकडचे दिसता. असतो, पण घरी तपासता येत नाही. कोळसा जळला की त्यातला पारा वाफ होऊन चिमणीतून निघतो. काही जवळपास पावसाबरोबर उतरतो, बाकीचा महिनोन्‌महिने हवेत फिरतो. म्हणून एका गावची एक बाटली पुरत नाही, अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं मोजावं लागतं. अमेरिकेत १९९६ पासून असं जाळं आहे. थेंब पडले की यंत्राचं झाकण आपोआप उघडतं, पाऊस थांबला की मिटतं, दर आठवड्याला बाटली प्रयोगशाळेत जाते. बाटलीत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, नाहीतर पारा काचेला चिकटतो. पन्हाळीखालची बादली यात कामाची नाही, तिच्यात टिनावरची राखच जास्त.

प्रमाण सहसा लिटरला काही नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) ते काही दशक नॅनोग्रॅम. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा १००० नॅनोग्रॅम, म्हणजे पाऱ्यापुरतं तरी पाण्याला भिऊ नका. खरी मेख मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या माजी मालगुजारी तलावात: गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात आणि तो लहान मासोळ्या खाणाऱ्या मरळीत साठत जातो. तपासायचीच असेल तर आधी मरळ तपासून घ्या.