'पॅच मिळाला' म्हणजे नेमके काय मिळाले?

प्रश्न असा आहे : 'भाच्याला बाइक क्लबचा पॅच मिळाला म्हणून घरात पेढे आले. पॅच म्हणजे ठिगळच ना? त्याचे एवढे कौतुक कसले? आणि दुसऱ्याच्या पाठीवरच्या पॅचला हात लावायचा नाही म्हणे, हे काय सोवळे?'

ठिगळ म्हणता येणार नाही, कारण इथे झाकायला भोकच नाही. बिल्ला म्हणावे तर ते निवडणुकीत मुठीमुठीने वाटले जातात. मला जवळचा वाटतो तो जुना शब्द 'चपरास'. जिच्यावरून चपराशी हे नाव पडले ती पितळी पट्टी. नेमणूक झाल्याशिवाय ती अंगावर चढत नसे. पॅचचेही तसेच आहे, म्हणून तो 'घेतला' असे कोणी म्हणत नाही, 'मिळाला' म्हणतात.

हा रिवाज मूळचा अमेरिकेतला. जॅकेटच्या बाह्या कापून केलेल्या बंडीला तिथे 'कट' म्हणतात. (आपले जुने 'जाकीट' बिनबाह्यांचेच, तेव्हा शब्द आपल्याकडे तयारच होता.) पाठीवरच्या चिन्हांना मिळून 'कलर्स' म्हणतात. पलटणीच्या झेंड्यालाही इंग्रजीत कलर्सच म्हणतात, त्यामुळे इथे 'निशाण' हा अर्थ घ्यायचा. वरच्या नि खालच्या कमानदार पट्ट्या म्हणजे 'रॉकर'. अमेरिकी सार्जंटच्या बाहीवरच्या फितींखाली असतात त्या कमानींनाही हेच नाव आहे.

आता पाठ वाचायची कशी? वरच्या रॉकरवर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह, शेजारी 'एमसी', म्हणजे मोटरसायकल क्लब, लिहिलेला छोटा चौकोन, खालच्या रॉकरवर गाव किंवा राज्य. हे तुकडे सुटे शिवलेले असतील, मधून बंडीचे काळे कातडे दिसत असेल, तर तो 'थ्री-पीस'. हौशी मंडळींचा पॅच सहसा अखंड असतो. थ्री-पीसवाल्या क्लबात आधी नुसती ऊठबस, मग 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे उमेदवारी, आणि सभासदांनी कौल दिला तरच पूर्ण पॅच. तो क्लबच्या मालकीचा राहतो. क्लब सुटला की परत करायचा. एखादा क्लबच मोठ्या क्लबात विलीन झाला तर त्याला 'पॅच-ओव्हर' म्हणतात. डिसेंबर 2000 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या अनेक क्लबांनी एकाच दिवशी जुने पॅच उतरवून हेल्स एंजल्सचे चढवले.

छातीवरच्या चौकटीतल्या '1%'ची कथा अशी सांगतात की 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी दंगा झाल्यावर अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने '99 टक्के बाइकवाले सभ्य आहेत' असे म्हटले आणि उरलेल्यांनी तो आकडाच मिरवायला घेतला. असे पत्रक काढल्याची नोंद आपल्याकडे नाही, असे असोसिएशन सांगते. आकडा मात्र टिकला. '81' म्हणजे इंग्रजी वर्णमालेतले आठवे आणि पहिले अक्षर, एच आणि ए : हेल्स एंजल्स. ते सभासद नसलेल्या पाठीराख्यांच्या कपड्यांवरही दिसते.

सर्वात नाजूक भाग खालचा रॉकर. त्यावरचे नाव म्हणजे पत्ता नसून हद्द. 17 मे 2015 रोजी टेक्ससमधल्या वेको इथे बँडिडोस आणि कोसॅक्स या क्लबांत गोळीबार होऊन नऊ जण मेले. वादाचे एक कारण सांगितले गेले ते कोसॅक्सनी खालच्या रॉकरवर लावलेले 'टेक्सस' हे नाव. चार इंच कापडासाठी माणसे मरतात हे मला पटत नाही, पण गावच्या मानपानावरून डोकी फुटलेली आपणही पाहिली आहेत. सरकारलाही त्या कापडाचे वजन ठाऊक आहे. मंगोल्स क्लबच्या चिन्हाचा ट्रेडमार्कच जप्त करायचा खटाटोप अमेरिकी सरकारने केला. 2019 मध्ये न्यायाधीशांनी तो राज्यघटनेच्या आधारे फेटाळला.

तेव्हा हात न लावण्याचे सोवळे इथून आले. कट दुसऱ्याला घालायला देत नाहीत, जमिनीवर टाकत नाहीत. कित्येक क्लबांत मोटारीत बसताना तो उतरवतात किंवा उलटा करतात. मोटारीला ही मंडळी 'केज', म्हणजे पिंजरा म्हणतात.

पुण्या-मुंबईकडे हे इतके कडक नाही. इथे बहुतेक क्लब रविवारी पहाटे निघून नाश्त्याला घाटात पोचणारे. हार्ले ओनर्स ग्रुपचा गरुड पाठीवर दिसतो, पण तो 1983 साली कंपनीनेच काढलेला ग्रुप, तिथे हद्दीचे भांडण नाही. भाच्याने छातीवर नाव, रक्तगट, लडाखच्या खार्दुंगला खिंडीचा पॅच, हवे ते लावावे. रक्तगट तर लावावाच. क्लबाने दिलेला पॅच दिला तिथेच शिवावा. इस्त्रीने चिकटवू नये, पहिल्या पावसात कोपरे सुटतात. कातड्याला घरच्या मशीनची सुई मोडते, म्हणून मोच्याकडे द्यावा. मात्र ऑनलाइन मिळतो म्हणून '1%' किंवा खाली 'कॅलिफोर्निया' असा रॉकर हौसेने लावू नये, आणि ती बंडी घालून अमेरिकेत तर अजिबात फिरू नये.