क्विल्टिंगच्या क्लाससाठी मशीन : 48,000ची की 13,500ची?

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, वय 47. घरी शिकवण्या घेते, महिन्याला साधारण 9,000 रुपये मिळतात. एप्रिल-मे मात्र कोरडे जातात. ठाण्यात नौपाड्याला दर शनिवारी क्विल्टिंगचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवण्याचा, क्लास लावला आहे. मशीन आपली आपण न्यायची. घरी सासूबाईंची पायमशीन आहे, पण ती हलवता येत नाही. दुकानात 48,000ची कॉम्प्युटराइज्ड मशीन आवडली आहे. 12 महिने 4,000चा ‘नो कॉस्ट’ हप्ता, रोख घेतली तर 44,500. दुसरी साधी इलेक्ट्रिक, 13,500ची. न्यू जर्सीतला भाचा तिकडून मशीन आणतो म्हणतोय. बचत खात्यात 40,000 आहेत आणि माझ्या नावावर 60,000ची एकच एफडी आहे. ती मोडू का? सरकारी योजनेतून काही मिळेल का?

उत्तर : ताई, 13,500ची घ्या, रोख घ्या आणि एफडीला हात लावू नका. स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या आवडीसाठी खर्च करताय, तो करावा की नाही हा प्रश्नच माझ्या मनात नाही. प्रश्न एवढाच, की क्लासला नेण्यासाठी मशीन कसली लागते.

आधी त्या हप्त्याचं बघू. 44,500ची वस्तू 48,000ला पडते, म्हणजे मधले 3,500 हे व्याजच. हप्ते फेडत जाल तशी मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, तो हिशेब धरला तर हा दर वर्षाला सुमारे 14 टक्के पडतो. शिवाय कार्डावरच्या हप्त्यात व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी 630 रुपये, आणि प्रोसेसिंग फी असेल तर ती निराळी. ‘नो कॉस्ट’ हे नाव आहे, पैसे तुमच्याच खिशातून जातात. त्याहून मला काळजी वाटते ती एप्रिल-मेची. शिकवण्या थांबतात, हप्ता थांबत नाही. एक हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे असतं. आणि नेहमीच्या महिन्यातसुद्धा 9,000तले 4,000 एका मशीनला देणं हे जास्तच आहे.

आता वजन. खरेदीच्या वेळी हे कोणी विचारत नाही, पण तुमच्या बाबतीत मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अशा मोठ्या कॉम्प्युटराइज्ड मशीन बऱ्याचदा नऊ-दहा किलोंच्या घरात जातात. साधी इलेक्ट्रिक सहा किलोंच्या आसपास असते. सहा किलो चाकांच्या बॅगेत घालून तुम्ही लोकलने जाऊ शकता. दिघा गाव गेलं की ठाणं, पूल चढला की पश्चिमेला बाहेर. दहा किलो, वर कापड आणि कटिंग मॅट, घेऊन शनिवारच्या गर्दीत तो पूल चढवणार नाही. मग विटाव्यावरून रिक्षा. जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास धरा, महिन्याला बाराशे. हा खर्च कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. आणि अंगाला सोसत नाही म्हणून दोन शनिवार चुकले, की क्लासची फीही वाया.

क्लासला काय लागतं? तुकडे जोडायला नेमकी सरळ शिवण, पाव इंचाची. शंभर टाक्यांचे प्रकार त्यासाठी लागत नाहीत. दुकानात जाताना दीड इंच रुंदीच्या तीन सुती पट्ट्या कापून न्या. पाव इंच शिवण धरून त्या शेजारी-शेजारी जोडा, शिवणी नखाने दाबून सपाट करा आणि मोजा. रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे, मधली पट्टी बरोबर एक इंच. एका शिवणीत एक सूत (इंचाचा आठवा भाग) जरी फरक पडला, तरी आठ शिवणींत इंचभर कापड जातं आणि चौकोन एकमेकांना जुळत नाहीत. मग वरचं कापड, मधे वॅडिंग (आत भरायचा मऊ थर), खाली अस्तर असा जाड थर शिवून बघा. वरचा थर पुढे सरकत असेल तर वॉकिंग फूट, म्हणजे सगळे थर एकसारखे पुढे नेणारा सुईजवळचा जोड, लागेल. तो या मशीनला बसतो का आणि केवढ्याला मिळतो, हे तिथेच विचारा. पुढे फ्री मोशन, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवणं, शिकायचं असेल तर कापड पुढे ढकलणारे खालचे दाते उतरवता आले पाहिजेत. या कसोट्यांना 13,500ची उतरली तर झालं. नाही उतरली तर दोन-तीन हजार वाढवून दुसरं मॉडेल बघा, एकदम 48,000वर जाऊ नका. सर्व्हिस ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरपोच मिळते का, तेही विचारा.

कोटेशन जुनं असेल तर नवं मागा. 22 सप्टेंबर 2025पासून शिवणयंत्रांवरचा जीएसटी 12वरून 5 टक्के झाला आहे.

भाच्याच्या मशीनला नको म्हणा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. तिकडचीच मशीन असेल तर ट्रान्सफॉर्मर लागणार, आणि तोही दर शनिवारी सोबत न्यायचा. वॉरंटीही बहुधा इथे चालणार नाही.

योजनेबद्दल : पीएम विश्वकर्मामध्ये शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 मिळतात, पण ती त्या कामावर पोट असणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही अजून शिकताय, तेव्हा तो अर्ज भरू नका. पुढे गोधड्या विकायला लागलात, तर मुद्राच्या शिशू गटात 50,000पर्यंत कर्ज मिळू शकतं. तेव्हा मोठ्या मशीनचा विचार जरूर करा. ती घरीच राहील, वजनाची अडचण उरणार नाही.

खात्यातल्या 40,000तून मशीनचे 13,500 आणि कटर, मॅट, पट्टी, सुया, वॅडिंगला चारेक हजार धरले तरी 22,000च्या वर उरतात. एप्रिल-मे त्यावर निघतील. सासूबाईंची पायमशीन मात्र तेलपाणी करून घ्या, घरचा सराव तिच्यावर होईल. सरळ टाक्याला ती कमी पडायची नाही. आणि भाच्याला काही आणायचंच असेल, तर रोटरी कटरची पाती सांगा. त्याच्याकडून फूट मागवणार असाल तर आधी तुमची मशीन लो शँक (फूट बसवायचा दांडा आखूड असलेली) आहे का, ते दुकानदाराकडून लिहून घ्या.