पेनिलियासारखे सागरी प्राणिप्लवक (पाण्यात प्रवाहाबरोबर वाहणारे बारीक प्राणी) हिवाळ्यात कुठे नाहीसे होतात?

कुठेही जात नाहीत. पाण्यातले जीव मरतात आणि त्यांची अंडी तळाच्या गाळात पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतात. पेनिलिया ॲव्हिरोस्ट्रिस हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा क्लॅडोसेरन, म्हणजे पाणपिसूच्या गटातला कवचधारी जीव. पाणी उबदार असताना माद्या नराशिवायच प्रजनन करतात. पिल्लं आईच्या पाठीवरच्या कोशात वाढतात आणि थेट आईच्याच रूपात बाहेर पडतात, मधे वेगळी डिंभकावस्था नाही. म्हणून संख्या काही आठवड्यांत प्रचंड वाढते. हंगाम उतरणीला लागला की नर दिसू लागतात, आणि मीलनातून तयार झालेली टिकाऊ अंडी तळाशी बुडतात. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्राच्या गाळात अशी अंडी असल्याचं ताकाशी ओन्बे यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. त्यामुळे जाळ्यात एकही पेनिलिया सापडली नाही म्हणून ती तिथून संपली असं कृपया समजू नका. तळाचा गाळही तपासायला हवा.

मात्र हे सगळ्या प्राणिप्लवकांना लागू नाही. पॅराकॅलॅनससारखे कोपेपॉड (बारीक कवचधारी जीवांचा दुसरा गट) कमी संख्येने का होईना, वर्षभर पाण्यातच सापडतात. शिवाय कोकण-गोव्याकडे तशी थंडी नसते, तिथे पावसाळ्यामुळे बदलणारी क्षारता आणि अन्न जास्त महत्त्वाचं.