लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या रात्री पँगाँग: फुप्फुसांचं काय होतं

प्रश्न असा: मुंबईहून विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला ही उंच खिंड, तिसऱ्या रात्री पँगाँगला मुक्काम. सगळे सह्याद्रीत नियमित चढणारे, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सोबत आहे. चालेल का?

नाही. कळसूबाई १६४६ मीटर, लेह ३५०० च्या आसपास. सह्याद्रीत कमावलेला दम इथे वाचवत नाही. उलट धडधाकट माणूसच पहिल्या संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतो.

लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. कमी आकसलेल्या भागांकडे रक्त लोटतं, तिथल्या केशवाहिन्या दाबाने गळू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी साचतं. हेच हेप (HAPE), म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी होणं. हृदय ठणठणीत असतानाही होतं.

उतरल्या उतरल्या होत नाही. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि पुष्कळदा रात्री. तेव्हा ‘पहिला दिवस मस्त गेला’ याला काही किंमत नाही. डोकं दुखेलच असंही नाही. सुरुवात साधी असते: सपाटीवरही माणूस मागे पडतो, कोरडा खोकतो. ‘धूळ गेली असेल’ म्हणून सोडून देतात. मग बसल्या जागी धाप, आडवं झालं की जास्तच, ओठ निळसर, छातीत खुळखुळ. गुलाबी फेस दिसला तर फार उशीर झालाय. बारीक तापही येतो, म्हणून न्यूमोनिया समजून अँटिबायोटिकवर रात्र काढतात. ती रात्रच महागात पडते.

ऑक्सिमीटरवर पहिल्या दिवशी ८५-९० दिसलं तर घाबरू नका. बाकीच्यांशी ताडून पाहा: चौघं ८७ वर आणि एकटा ७० वर असेल तर बोट गरम करून, नेलपॉलिश पुसून पुन्हा मोजा. तरी तेच आलं तर दवाखाना.

डायमॉक्स (१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून) डोकेदुखी-मळमळीसाठी. हेप टाळेल या भरवशावर राहू नका. आधी हेप होऊन गेलेल्यांना डॉक्टर निफेडिपिन (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब कमी करणारी गोळी) देतात. फुप्फुसातलं पाणी काढायला म्हणून लॅसिक्ससारखी लघवीची गोळी मात्र नको, शरीर आधीच कोरडं असतं.

तुमच्या आखणीतली खरी गोची पँगाँगची आहे. ‘खाली उतरवा’ हाच मुख्य उपचार, पण ४२५० मीटरवरून लेहला परतायचा नेहमीचा रस्ता आधी ‘चांग ला’ या खिंडीवर, म्हणजे ५३०० च्याही वर चढतो. तेव्हा लेहला दोन दिवस नुसते काढा, तिसऱ्या दिवशी आल्चीकडे जा (लेहपेक्षा खाली आहे), मग नुब्रा. हुंदरला झोपायची उंचीही लेहपेक्षा कमी. फक्त वाटेत खारदुंगलाला फोटो काढून लगेच निघा. पँगाँग सगळ्यात शेवटी, नुब्रातून श्योकच्या रस्त्याने. वेळ असेल तर श्रीनगर-कारगिलमार्गे गाडीने चढणं केव्हाही बरं.

बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या डब्यांवर विसंबू नका. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. गाडीत मोठा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्क हवा, आणि निघण्याआधी काटा किती दाखवतो ते स्वतः पाहा. कुणाला झालंच तर त्याला बसतं आणि उबदार ठेवा, ऑक्सिजन मिनिटाला २ ते ४ लिटरने सुरू करा, ऑक्सिमीटरचं रीडिंग ९० च्या वर येईल इतका. चालवू नका, गाडीपर्यंतसुद्धा उचलून न्या.