बाळाचं समर्पण म्हणजे बाप्तिस्माच का?

नाही. बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल अशा ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारा दीक्षाविधी, स्वतः विश्वास ठेवून घ्यायचा असतो, म्हणून तान्ह्या बाळाला तो देत नाहीत, समर्पण करतात. पाळक (चर्चचे धर्मगुरू) बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात, पण वचन देतात ते आईबाप: हे मूल देवाचं दान आहे, आम्ही त्याला देवाच्या शिकवणीत वाढवू. मंडळीही साथ द्यायचं कबूल करते (फोटोंच्या गडबडीत हे विसरलं जातं!). आधार बायबलमधल्या हन्नाचा. नवसानं झालेला शमुवेल तिनं दूध तुटल्यावर शिलो इथे परमेश्वराला वाहिला, आणि तिथेच ठेवला. आजचे आईबाप बाळाला घरी आणतात, तेव्हा खरं काम सुरू होतं. समर्पणानं बाळाचं तारण (पापातून सुटका) होतं, असं या मंडळ्या मानत नाहीत. वसईच्या कॅथलिक घरांत मात्र तान्हेपणीच बाप्तिस्मा होतो.