ग्रँडमास्टर होणं सोपं झालंय का?

प्रिय खेळाडूस,

बुद्धिबळात ग्रँडमास्टर होणं आता सोपं झालंय का, या तुझ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत आहे: संधी वाढल्या, कसोटी सैल झालेली नाही.

१९५० साली फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, पहिले किताब दिले तेव्हा ग्रँडमास्टर होते २७. भारताचा पहिला, विश्वनाथन आनंद, १९८८चा. जुलै २०२५मध्ये नागपूरची दिव्या देशमुख ८८वी ठरली. तिला किताब महिला विश्वचषक जिंकून थेट मिळाला. एरवी २५०० रेटिंग (निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) लागतं आणि एकूण किमान २७ डावांचे नॉर्म (एखाद्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी), म्हणजे बहुधा तीन.

नॉर्मचं गणित वहीत लिहून ठेव. ९ डावांत २६०० रेटिंगच्या तोडीची कामगिरी हवी. प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी किमान २३८०. तेवढीच असेल तर ७ गुण लागतात, २४३४ला साडेसहा, २४७५ला ६ पुरतात. शिवाय समोर किमान तीन ग्रँडमास्टर यायला हवेत. स्विस पद्धतीत, म्हणजे सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात तिथे, घात होतो तो असा. सुरुवातीला दोन डाव गेले की समोर कमी रेटिंगचे खेळाडू येतात, सरासरी घसरते आणि पुढे जिंकत राहूनही नॉर्म हुकतो. बुडापेस्टच्या किंवा सर्बियातल्या बंदिस्त राउंड रॉबिन (ठरलेले खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी डाव) स्पर्धांत सरासरी आणि लागणारे गुण आधीच कळतात. अशी सोय आज जास्त आहे, हे मान्य. गुण मात्र पटावरच मिळवावे लागतात.

रेटिंगचं वेगळं. मार्च २०२४मध्ये फिडेने २०००खालच्या सगळ्यांना उचललं: २०००ला जितके कमी, त्याच्या ४० टक्के भर. १५००चा खेळाडू थेट १७०० झाला, खेळ तोच. म्हणून त्याआधीच्या १७००शी आपली तुलना करू नकोस. आणि समोर १५००चं लहान मूल आलं तर पूर्ण वेळ घेऊन खेळ. मुलांचं रेटिंग त्यांच्या खेळाच्या मागे राहतं. तू १७००, के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) २० असताना हरलास किंवा हरलीस तर १५.२ गुण जातात. के ४० असलेल्या त्या मुलाला ३०.४ मिळतात.

वरच्या पातळीवर संगणकशास्त्रज्ञ केन रीगन यांनी १९७०च्या दशकापासूनच्या चाली इंजिनने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रणालीने, तपासल्या. त्याच रेटिंगला चालींचा दर्जा जवळपास तोच आढळला. मला हा पुरावा किताबांच्या संख्येपेक्षा मोलाचा वाटतो.

पुढच्या स्पर्धेची एंट्री भरण्याआधी तिचा गेल्या वर्षीचा निकाल उघड. किती ग्रँडमास्टर होते, किती देशांचे, तुझ्या रेटिंगच्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काय मिळाली, हे मला कळव. फी त्यानंतर भर.